माईन काढणारी जहाजं लाकडाची का?

दर्यावेडा: समुद्रातल्या माईन (पाण्यातले सुरुंग) शोधणारी जहाजं अजूनही लाकडाची नाहीतर फायबरग्लासची बनवतात म्हणे. स्फोट झाला तर लाकूड काय टिकणार, जाड पोलाद नको का? आणि दुसरं, एखादं रिकामं भंगार जहाज त्या वाटेनं नेलं आणि काही झालं नाही म्हणजे रस्ता साफ, असं का करत नाहीत?

खारावारा: अरे स्फोट झेलायचाच नाहीये, माईनला चाहूलच लागू द्यायची नाहीये. पोलादी जहाज जवळ आलं की तिथलं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि चुंबकीय माईन नेमकं तेच ओळखते. १९३९ मध्ये जर्मन विमानानं टाकलेली अशी एक माईन इंग्लंडात शूबरीनेसला ओहोटीच्या चिखलात सापडली, ती उघडून बघितली तेव्हा कुठे ही भानगड कळली. मग जहाजाचं चुंबकत्व मारायला त्याच्याभोवती तारांची वेटोळी घालून वीज सोडायला लागले. अमेरिकेची माईन काढणारी अव्हेंजर क्लासची जहाजं तर लाकडीच आहेत, वरून फायबरग्लास चढवलेलं.

जुनाखलाशी: भंगार जहाजाचं सांगतो. माईनमध्ये शिप काउंटर असू शकतो, म्हणजे पहिली पाच जहाजं मुकाट सोडायची आणि सहाव्याला उडायचं. तू एकदा जाऊन आलास त्याला काय अर्थ? म्हणून नुसतं स्वीपिंग (माईनचे दोर कापणारी किंवा तिला फसवून उडवणारी उपकरणं ओढत नेणं) पुरत नाही, हंटिंग करावं लागतं. सोनार (आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं टिपणारं यंत्र) लावून गोगलगायीच्या चालीनं तळ बघत जायचं, काही संशयास्पद दिसलं की केबलवरचा छोटा रोबो खाली सोडायचा, कॅमेऱ्यात बघायचं तर बऱ्याचदा निघतो दगड नाहीतर गंजका ड्रम :) खरीच निघाली तर शेजारी स्फोटकं ठेवून लांब सरकायचं आणि उडवायची. भयंकर कंटाळवाणं काम.

खारावारा: आणि साध्या, तळाला दोरखंडानं बांधलेल्या माईनना हसू नका. १९८८ ला सॅम्युअल बी. रॉबर्ट्स या अमेरिकन युद्धनौकेचा तळ फाडला तो असल्याच जुनाट डिझाइनच्या इराणी माईननं. १८ फेब्रुवारी १९९१ ला तर कहर, माईन काढणारी हेलिकॉप्टरं ज्या ट्रिपोली या अमेरिकन युद्धनौकेवर होती तीच असल्या माईनवर गेली, आणि तीनेक तासांत प्रिन्स्टन ही दुसरी युद्धनौका, पण ती तळाशी पडून चाहूल घेणाऱ्या माईनमुळे.

दर्यावेडा: काउंटरचं डोक्यातच आलं नव्हतं. मग साफ झालं हे ठरवतात कसं?

जुनाखलाशी: टक्क्यांत. इतके टक्के साफ, पहिल्या जहाजाला एवढा धोका, असा हिशोब देतात. शंभर टक्के कोणी लिहून देत नाही.