११८ एनईला एस्टीमचं एमपीएफआय बसेल का?

कोथरूडकर_११८
नमस्कार मंडळी. बाबांची प्रीमियर ११८ एनई आहे, निस्सानचं ए-१२ इंजिन, ११७१ सीसी, बॉडी एकदम ठणठणीत. पण उन्हाळ्यात खंबाटकी चढताना हमखास बंद पडते, मग बॉनेट उघडून उभं राहायचं, गार झाली की परत चालू. कार्ब्युरेटर ओव्हरहॉल करून झालाय. आता नाना पेठेत एकाकडे मारुती एस्टीमचा एमपीएफआयचा (कार्ब्युरेटरऐवजी प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरने पेट्रोल देणारी सिस्टिम) पूर्ण सेट मिळतोय, ईसीएम (इंजेक्शन चालवणारा कॉम्प्युटर), इंजेक्टर रेल, थ्रॉटल बॉडी सगळं. तो म्हणतो चार सिलिंडरचं चार सिलिंडरला बसतं, वायरी जोडल्या की झालं. कुणी केलंय का?

पेठेतला_पाना
दुकानदाराला माल खपवायचाय भावा. ईसीएमला पुढे कुठलं इंजिन आहे ते काय कळत नाही, त्याच्यात एस्टीमच्या १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह इंजिनचं टेबल भरलेलं असतं, एवढ्या आरपीएमला एवढा लोड असेल तर इंजेक्टर एवढे मिलिसेकंद उघडा, बास. तुझं आठ व्हॉल्व्हचं पुशरॉड इंजिन, हवा वेगळीच ओढणार. आयडलला चालेलही कदाचित, पण घाटात लीन झालं (पेट्रोल कमी, हवा जास्त) तर पिस्टन जायचं. शिवाय क्रँक कुठल्या पोझिशनला आहे हा सिग्नल त्याला एस्टीमच्या पद्धतीनेच लागतो, तो तुझा पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर (स्पार्क वाटणारा) कुठून देणार?

विंटेज_काका
हे दुखणं जुनंच आहे. बॉशचं डी-जेट्रॉनिक हे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन १९६७ ला फोक्सवॅगनमध्ये आलं, मग व्होल्वो, साब, मर्सिडीज सगळ्यांनी घेतलं. त्याचे मॅनिफोल्डचे (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीचे) प्रेशर सेन्सर बाहेरून जुळे भाऊ वाटतात, पण आतलं सेटिंग प्रत्येक इंजिनचं वेगळं, एकाचा दुसऱ्याला लावला की गाडी एक तर काळा धूर सोडते नाहीतर अडखळते. एकाच कंपनीच्या सिस्टिमची ही गत, तिथे मारुतीची निस्सानला कशी चालायची?

आणि बाळा, तुझा प्रॉब्लेम मला व्हेपर लॉक वाटतो. मेकॅनिकल पंप इंजिनवरच असतो, तापला की पेट्रोलची वाफ होते. टाकीजवळ कमी प्रेशरचा इलेक्ट्रिक पंप टाक, पाइप एक्झॉस्टपासून लांब ने. एमपीएफआयच्या खर्चापुढे हे काहीच नाही. माझं ऐकशील तर इथेच थांब.

पेठेतला_पाना
काकांशी शंभर टक्के सहमत, आधी पंप.

कोथरूडकर_११८
काका पंप टाकतोच. पण खरं सांगू का, आता किडा चावलाय. एमपीएफआय करायचंच म्हटलं तर रस्ता काय?

भोसरी_ट्यूनर
मग सेट घे, फक्त एस्टीमचं ईसीएम तिथेच ठेव. थ्रॉटल बॉडी, रेल, इंजेक्टर, टेम्परेचर सेन्सर कुठल्याही गाडीचे चालतात कारण त्यातले सेन्सर नुसतं व्होल्टेज नाहीतर रेझिस्टन्स देतात, त्याचा अर्थ लावायचं काम ईसीएमचं. म्हणून टेबल आपल्याला लिहिता येईल असं घे, मेगास्क्वर्ट नाहीतर स्पीडुइनो, स्पीडुइनो तर आर्डुइनो मेगा बोर्डावरच चालतं. सुरुवातीला फक्त फ्युएल त्याच्याकडे दे, इग्निशन डिस्ट्रिब्युटरवरच राहू दे, आरपीएम कॉइलच्या निगेटिव्हवरून मिळतो. अर्धी डोकेदुखी तिथेच संपते.

पैसे द्यायच्या आधी दुकानातच प्रत्येक इंजेक्टरला मल्टिमीटर लाव. १२ ते १६ ओहम आले तर ठीक, २-३ ओहमवाले ईसीएममधल्या साध्या ड्रायव्हर सर्किटला लावलेस तर ते सर्किट जळेल. कनेक्टर कापलेले असतील तर घेऊ नको, वायरीसकट पाहिजेत. कार्ब्युरेटरची जुनी रबरी पाइप काढून टाक, इंजेक्शनला साधारण ३ बार प्रेशर असतं, ती सुटली की गरम एक्झॉस्टवर पेट्रोल. ए-१२ मध्ये तर इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, इनटेक वर, एक्झॉस्ट त्याच्या खाली, त्यामुळे मध्ये हीट शील्ड पाहिजेच. टाकीला रिटर्न लाइन (जास्तीचं पेट्रोल परत नेणारी) पण लागेल. आणि वाइडबँड लॅम्डाशिवाय (एक्झॉस्टवरून मिक्श्चर मोजणारा सेन्सर) ट्यूनिंगला बसू नको, नुसत्या आवाजावरून मिक्श्चर लावणारे खूप भेटतील.

कोथरूडकर_११८
भारी माहिती दादा. इनटेक मॅनिफोल्डला इंजेक्टरचे बॉस (इंजेक्टर बसवायच्या बैठका) वेल्ड करायला कोण चांगलं आहे?

भोसरी_ट्यूनर
ॲल्युमिनियमचं टिग वेल्डिंग करणारे भोसरी एमआयडीसीत बरेच आहेत. फक्त मॅनिफोल्ड आधी केमिकलने धुऊन ने, जुनं तेल मुरलेलं असेल तर वेल्डला भोकं पडतात. आणि इंजेक्टरचा तिरकेपणा तू स्वतः मार्क करून दे, त्यांच्यावर सोडू नको.