मदत हवी आहे: अंगणवाडी सेविकांसाठी प्रत्यक्ष करून शिकायचं प्रशिक्षण

नमस्कार मंडळी. आमच्या बीटमधल्या (म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांच्या गटातल्या) अंगणवाडी सेविकांचं एक दिवसाचं प्रशिक्षण माझ्याकडे आलंय. पीपीटी लावली की अर्ध्याजणी पेंगतात, आणि त्यांचं तरी काय चुकतं म्हणा!

मुख्य विषय दंडघेर, म्हणजे कुपोषण ओळखायला लहान मुलाच्या दंडाचा घेर पट्टीने मोजणं. 11.5 सेंमीच्या खाली तीव्र कुपोषण, तिथून 12.5 च्या आत मध्यम, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण पट्टी जरा जास्त आवळली की आकडा बदलतो, खांदा-कोपराचा मध्यही अंदाजानेच धरतात. सरावासाठी लहान मुलांना दिवसभर रडवायचं नाहीये. कापडी बाहुल्या, वेगवेगळ्या जाडीचे फोमचे हात असं काही कुणी वापरलंय का?

शिवाय 'आमचं पोर बारीक असलं तरी चपळ आहे' म्हणणाऱ्या आजीची समजूत घालायचं नाटुकलं बसवायचंय. आणखी प्रसंग सुचवा ना. खर्च हजारभरात बसायला हवा.