मदत हवी आहे: एका 'प्ले'साठी तुर्कीत किती क्रियापदं?

नमस्कार मंडळी. सहा महिन्यांपासून घरबसल्या तुर्की शिकतेय. पुस्तक इंग्रजीतून आहे आणि घोळ तिथेच होतो.

'प्ले'साठी पुस्तकात दोन क्रियापदं दिली आहेत. फुटबॉल, पत्ते, तावला (फासे टाकून खेळायचा सोंगट्यांचा खेळ) असेल तर 'ओयनामाक'. गिटार, साझ, ढोल असेल तर 'चालमाक'. इथवर ठीक, आपणही खेळतो वेगळं आणि वाजवतो वेगळं. मधे इंग्रजी नसती तर हा धागाच निघाला नसता.

पण चालमाक म्हणजे चोरणंसुद्धा! परवा तुर्की मैत्रिणीला कळवायचं होतं, 'माझा फोन वाजला.' मी लिहिलं, 'तेलेफोनुम चालिंदी'. तिचा लगेच मेसेज: कुठे? कधी? पोलिसांत गेलीस का?

मग 'गिटारिमी चाल्दी' म्हणजे त्याने माझी गिटार वाजवली की पळवली? आणि तीच मैत्रीण भावाच्या लग्नाबद्दल म्हणाली, 'चोक ओयनादिक', खूप खेळलो. लग्नात काय खेळले हे? पत्ते? विचारायची लाज वाटली. शिवाय मोबाइलवर गाणं लावायचं तर कोणतं क्रियापद?

प्रतिसाद १
नाचले हो! लोकनृत्यांना तिकडे 'हाल्क ओयुनलारी' म्हणतात, शब्दशः लोकांचे खेळ. एजियन भागातला झेयबेकही 'खेळतात'. आपण फुगडी खेळतो, टिपऱ्या खेळतो, तसंच. नाटकालाही ओयुनच, आणि सिनेमात कोण काम करतंय हे विचारतानाही ओयनामाकच.
फोनचं म्हणाल तर वाजला = 'चाल्दी', चोरीला गेला = 'चालिंदी'. तुम्ही मधे एक 'इन' जास्त घातलात, कर्मणी प्रयोग झाला. गिटारचं वाक्य खरंच दोन्हीकडे जातं, मागचंपुढचं बघूनच ठरवायचं. बाकी दार वाजवणं, बेल वाजणं, शीळ घालणं, सगळीकडे चालमाक बिनधास्त वापरा.

प्रतिसाद २
गाण्यासाठी 'चाल' चालेल, पण बोलताना लोक सर्रास 'आच' म्हणतात, म्हणजे उघड. व्हिडिओच्या बटणावर 'ओयनात' असतं. खेळणे-खेळवणे, तसं ओयनामाक-ओयनातमाक. जपून मात्र, 'आक्लिनी ओयनातमाक' म्हणजे वेड लागणं.
आणखी एक. नेय, म्हणजे सूफी संगीतातली बोरूची बासरी, जाणकार 'वाजवत' नाहीत. तिला 'उफ्लेमेक', फुंकणे. आपण शंख फुंकतो ना?

धागाकर्ती
दोघांचे आभार! चालमाक आता विसरणार नाही, गाण्याची 'चाल' डोक्यात ठेवलीय (योगायोगच, पण पाठ व्हायला बरा). मैत्रिणीलाही सांगितलं, फोन शाबूत आहे.
आता 'टेक'वर आलेय. औषध घ्यायचं, बस घ्यायची, फोटो घ्यायचा... फोटो तर तुर्कीत 'ओढतात' म्हणे, 'चेकमेक'. आपण 'काढतो'. नवा धागा काढू की इथेच विचारू?