बायपासनंतर शरीर सावरते आहे, पण सासूबाईंचे मन सावरत नाही. मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. माझ्या सासूबाईंची (वय ६४) बायपास शस्त्रक्रिया दिवाळीनंतर येथे नाशिकमध्येच झाली. तीन रक्तवाहिन्यांत अडथळे होते आणि मधुमेह जुना, त्यामुळे अँजिओप्लास्टीपेक्षा बायपास योग्य ठरेल असे सर्जननी सांगितले होते. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. जखम भरली आहे, टू-डी इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) अहवाल चांगला आहे, साखर आटोक्यात आहे आणि मागच्या फॉलोअपला ‘आता काळजीचे कारण नाही’ असे सांगून डॉक्टरांनी पुढची तारीख दिली. घरातल्या सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि माझ्या मते नेमके तेव्हापासून, त्यांना काय होते आहे हे विचारणेच थांबले.

सासूबाई निवृत्त शिक्षिका आहेत. शस्त्रक्रियेपूर्वी पहाटे कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर फिरायला जाणे, भजनी मंडळ, भिशी आणि संपूर्ण स्वयंपाकघर असा त्यांचा दिवस असे. आता त्या खोलीत खुर्चीवर बसून असतात. रात्री तीनच्या सुमारास जाग येते ती येतेच, जेवणाला चव नाही असे म्हणतात, आणि नातवाने वही मागितली एवढ्यावरूनही डोळे भरून येतात. ‘मी आता तुमच्या काय उपयोगाची’ हे वाक्य दिवसातून एकदा तरी ऐकू येते. खोकला आला की दोन्ही हातांनी छाती धरतात, कारण हाड पुन्हा उकलेल अशी त्यांना भीती वाटते. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, इमारतीला लिफ्ट नाही. त्यामुळे दवाखान्याखेरीज त्या खाली उतरलेल्याच नाहीत.

मला पुढील बाबतींत अनुभवी मंडळींचे मत हवे आहे. पहिली बाब लिहिताना संकोच वाटतो, परंतु ती इतरत्र कोठे विचारावी हेही कळत नाही. छातीच्या मधोमध उभी जखम असल्याने स्तनांचा भार तिच्या खालच्या टोकावर येतो आणि तेथे सतत ओढ व आग होते, असे त्यांनी मला एकटीला सांगितले. रुग्णालयातून मिळालेल्या सूचनांच्या कागदावर काय खावे, काय उचलू नये हे सर्व आहे, पण स्त्रीने आत काय घालावे याबद्दल एक ओळही नाही. डॉक्टरांशी बोलायला माझे यजमान जातात; ते हा विषय काढणार नाहीत आणि सासूबाई तर मुळीच काढणार नाहीत.

दुसरी बाब स्वयंपाकघराची आहे. तीन महिने दोन-तीन किलोंपेक्षा जास्त वजन उचलायचे नाही, असे सांगितले आहे. सासऱ्यांनी त्याचा अर्थ असा घेतला आहे की, त्यांना पाण्याचा तांब्याही उचलू द्यायचा नाही. हेतू प्रेमाचाच आहे, पण ज्या बाईने चाळीस वर्षे हे घर चालवले तिला रिकामे बसवून ठेवल्यावर ती आनंदी राहील, ही अपेक्षा मला पटत नाही. नेमकी कोणती कामे चालतात?

तिसरी बाब, संक्रांत तोंडावर आली आहे. आमच्याकडचे हळदीकुंकू दरवर्षी सासूबाईच करतात. या वर्षी ‘कोणालाही बोलावू नकोस’ असे त्या म्हणाल्या. पुष्कळ विचारल्यावर कारण कळले : ब्लाउजच्या गळ्यातून जखमेचा व्रण दिसतो, आणि येणारी प्रत्येक बाई शस्त्रक्रियेची हकीगत विचारणार. बोलवावे की न बोलवावे?

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची बाब. मी मानसोपचारतज्ज्ञांचे नाव काढताच सासरे म्हणाले, ‘तिला हृदयाचा त्रास आहे, डोक्याचा नाही.’ ही उदासी एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर स्वाभाविक आहे की तिच्यावर उपचार हवेत, हे घरच्यांनी कसे ओळखावे?

प्रतिसाद १

माझी बायपास साठीच्या उंबरठ्यावर झाली, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देते. संकोच न करता विचारलेत हे फार चांगले झाले. पुढून उघडणारी, तार नसलेली, रुंद पट्ट्यांची सुती ब्रा घ्यावी. मापाने थोडी सैल असावी, पण आधार देणारी असावी. सुरुवातीचे काही आठवडे मी ती रात्रीही घालत असे. जखमेवरचा ताण त्याने पुष्कळ कमी होतो. खालचा पट्टा व्रणावर घासत असेल तर मध्ये मऊ सुती कापडाची घडी ठेवावी. स्तनांखालचा भाग घामाने ओलसर राहतो आणि मधुमेहात तेथे संसर्ग लवकर होतो, म्हणून तो रोज कोरडा करून लालसरपणा किंवा स्राव नाही ना, हे तुम्ही स्वतः पाहावे. पुढल्या फॉलोअपला यजमानांऐवजी तुम्हीच सोबत जा.

पहाटे तीनची जाग मलाही येत असे, विचित्र स्वप्नेही पडत. हृदयाची गती कमी ठेवणाऱ्या मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्यांनी काहींना थकवा येतो आणि अशी स्वप्ने पडतात. डॉक्टरांना सांगितल्यावर ते औषध किंवा वेळ बदलू शकतात. मात्र ती गोळी स्वतःहून अचानक बंद करू नये, ते धोक्याचे असते.

हळदीकुंकवाबद्दल माझे मत असे की बोलवावे, पण पाच-सहा जवळच्याच बायकांना. रथसप्तमीपर्यंत वेळ आहे, संक्रांतीच्याच दिवसाची घाई नको. बंद गळ्याचे, पुढे हुक असलेले दोन ब्लाउज शिवून घ्या. आणि येणाऱ्यांना आधीच फोनवर सांगून ठेवा की शस्त्रक्रियेचा विषय काढायचा नाही. आपल्याकडे भेटायला येणारी माणसे शेजारच्या गावातल्या कोणाचे काय झाले हे रुग्णासमोर सांगण्यात कमालीची उदार असतात.

प्रतिसाद २

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांसोबत काम करते. छातीचे हाड शस्त्रक्रियेनंतर स्टीलच्या तारांनी बांधलेले असते आणि ते पक्के जुळायला साधारण तीन महिने लागतात. खोकताना उशी छातीशी घट्ट धरली तर दुखणे कमी होते आणि धीरही येतो. हाड हलल्यासारखे किंवा ‘कट्’ असा आवाज आल्यासारखे वाटले, ताप आला, जखमेतून स्राव आला, धाप वाढली किंवा एक-दोन दिवसांतच वजन किलो-दीड किलोने वाढले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. बायपाससाठी ज्या पायातून शीर काढली आहे त्याला थोडी सूज आणि बधिरपणा बरेच दिवस राहतो. पोटरी एकाएकी दुखून सुजली तर मात्र त्वरित दाखवावे.

कामांबाबत सासऱ्यांना समजावून सांगा की पूर्ण विश्रांतीने स्नायू क्षीण होतात आणि भीती वाढते. बसून भाजी चिरणे, निवडणे, फोडणी देणे, लहान पातेले दोन्ही हातांनी अंगाजवळ धरून उचलणे, हे सर्व चालते. कणीक तिंबणे, नारळ खवणणे, भरलेला कुकर किंवा बादली उचलणे हे सर्जननी परवानगी दिल्यावरच. जिना चढणेही चालते. एकेक पायरी चढावी, कठडा तोल सांभाळण्यापुरता धरावा, हाताने अंग वर ओढू नये. नाशिकच्या जानेवारीत पहाटे फिरणे मात्र टाळा, कारण गार हवेने रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयावर ताण येतो. ऊन पडल्यावर, दहाच्या सुमारास खाली उतरवा. चालताना बोलता आले पाहिजे. वाक्य पूर्ण करता येत नसेल तर वेग कमी करायचा.

आता मुख्य प्रश्न. बायपासनंतर उदास वाटणे, रडू येणे, विसरायला होणे हे खूप जणांना होते आणि बहुतेकांचे काही आठवड्यांत निवळते. पण दिवसाचा बराच वेळ, जवळजवळ रोज, दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खिन्न असेल आणि पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरला नसेल, तर ते नैराश्य समजून तज्ज्ञांना दाखवावे. सासऱ्यांना हे सांगा की उपचार न झालेले नैराश्य हृदयरुग्णाच्या प्रकृतीलाही घातक ठरते, म्हणजे हा हृदयाच्याच उपचारांचा भाग आहे. सोबत हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. मधुमेहावरची मेटफॉर्मिन ही गोळी दीर्घकाळ घेतल्याने बी-१२ कमी होऊ शकते आणि त्याचा परिणाम मनावरही होतो. मानसोपचारतज्ज्ञांना चालू औषधांची पूर्ण यादी दाखवावी, कारण नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांसोबत रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आणखी एक. ‘जगावेसे वाटत नाही असे मनात येते का’, हे त्यांना सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उत्तर होकारार्थी आले तर त्याच दिवशी मदत घ्या. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

मूळ प्रश्नकर्ती

दोघींचे मनापासून आभार. शेवटचा प्रश्न मी आज दुपारी विचारला. तसे काही मनात नाही, पण रात्री एकटीला जाग आली की आपण श्वास घेतो आहोत की नाही हे तपासत बसते, असे त्या म्हणाल्या. सासरे शेजारी बसून ऐकत होते. आधी कार्डिओलॉजिस्टना विचारू, त्यांनी चिठ्ठी दिली तर जाऊ, एवढ्यावर ते आले आहेत. हळदीकुंकवाचे अजून ठरलेले नाही, मात्र तिळाचे लाडू वळायला त्या उद्या बसणार आहेत. प्रतिसाद १ मध्ये सांगितलेली पुढून उघडणारी ब्रा मोठ्या मापात मेनरोडला मिळेल, की कॉलेज रोडच्या दुकानांत पाहावी?