मदत हवी आहे: मॉरिसन यांच्या बॅटमॅनआधी जुन्या कथा वाचाव्यात का?

नमस्कार मंडळी,

मी ऐरोलीत राहतो. मुलगी नववीत आहे आणि आम्ही दोघं मिळून बॅटमॅनची कॉमिक्स वाचतोय. सुरुवात केली फ्रँक मिलर यांच्या 'इयर वन'पासून (१९८७). त्यातला ब्रूस वेन, म्हणजे बॅटमॅन, अगदी नवखा. पहिल्याच खेपेला मार खाऊन रक्तबंबाळ होऊन घरी येतो. डेव्हिड माझुकेली यांची चित्रं मोजक्या रेघांची, आणि जवळपास निम्मी गोष्ट पोलीस अधिकारी गॉर्डनची. मुलीला ते फार भावलं.

मग लेखक ग्रँट मॉरिसन यांचे २००६ पासूनचे बॅटमॅनचे अंक घेतले आणि आम्ही अडकलो. इथे बॅटमॅनला चक्क दहा वर्षांचा मुलगा, तोही मारेकऱ्यांमध्ये वाढलेला. "बाबा, हा तोच माणूस आहे का?" या प्रश्नाला मला धड उत्तर देता आलं नाही.

मी एकट्यानं पुढे वाचून काढलं. मिलर यांनी जुन्या कथांतले परग्रहवाले, गमतीजमती सगळं छाटलं. मॉरिसन मात्र १९३९ पासून छापलेलं सगळं एकाच माणसाच्या आयुष्यात घडलंय असं धरून चालतात. १९५८ च्या एका कथेत झुर-एन-आर या ग्रहावरचा भडक रंगांचा बॅटमॅन होता. मॉरिसन यांच्याकडे तोच ब्रूसनं स्वतःच्या मनात राखून ठेवलेला दुसरा बॅटमॅन होतो, मनावर हल्ला झाला तर उभा राहणारा. हे वाचून मी रात्रभर त्याच विचारात होतो.

सावंतांचा कर्ण आणि इरावतीबाईंचा कर्ण वेगळे का, हे आपल्याला पटकन कळतं, कारण महाभारत घरात ऐकलेलं असतं. बॅटमॅनचं तसं काहीच आमच्या कानावर नाही. खरी अडचण तीच.

म्हणून विचारतो. मॉरिसन यांनी आधार घेतलेल्या जुन्या कथा 'द ब्लॅक केसबुक'मध्ये एकत्र आहेत. त्या मुलीला आधी द्याव्यात की नंतर? आधी दिल्या तर पुढचं रहस्य फुटेल अशी भीती वाटते. शिवाय बॅटमॅनच्या त्या मुलाची आई तालिया १९७१ च्या, डेनिस ओ'नील यांच्या कथांमधून आलेली. त्या वाचल्याशिवाय तिचं वागणं उमगेल का?

आणि ठाणे-नवी मुंबईत कोणाकडे लेखक ओ'नील आणि चित्रकार नील अॅडम्स या जोडीचे संग्रह असतील तर वाचायला द्याल का? ठाणे, वाशी, नेरूळ कुठेही येऊन घेऊन जाईन, कव्हर घालून परत देईन. दिवाळीच्या सुट्टीआधी मिळाले तर फार बरं होईल.