आंब्याच्या लहरदार वाडग्याला डाय: नक्षी खुलते की गोठते?
(लाकूड कातणाऱ्यांची चर्चा; मजकुरावरची नावं ही बोलणाऱ्यांची टोपणनावं)

कळव्याचा कातारी
ठाणे-नवी मुंबईकडे लेथवर वाडगे कातणाऱ्यांच्या हाती लहरदार आंबा, म्हणजे रेषे (तंतू) लाटेसारखे वळलेलं आंब्याचं लाकूड, अधूनमधून लागतो. तेल लावलं की तो फिक्क्या चहासारखा दिसतो. नक्षी असते, पण चार फुटांवरून कळत नाही. असल्या लाकडाला डाय द्यावाच, असं माझं मत. फक्त डाय हवा, स्टेन नको. स्टेनमधलं रंगद्रव्य छिद्रांत आणि ओरखड्यांत बसून नक्षीवर पडदा टाकतं. डाय विरघळलेला असतो, पारदर्शक राहतो.

पद्धत अशी. २२० नंबरच्या पॉलिशपेपरपर्यंतच घासायचं (नंबर मोठा तितका कागद बारीक). पुढे गेलात तर पृष्ठभाग इतका घोटला जातो की लाकूड रंग पीत नाही. ओल्या फडक्याने पुसून रेषे उठू द्या आणि वाळल्यावर २२० नेच हलके कापा. पाण्यात विरघळणारा गडद तपकिरी किंवा काळा पावडर डाय, १०० मिली पाण्याला ३ ग्रॅम. दहा इंची वाडग्याला साधारण ४० मिली पुरतो. रात्रभर वाळवा, मग ३२० ने वरचा काळा थर काढून टाका. लहरीत जिथे रेषे पृष्ठभागावर तुटतात तिथे रंग खोल शिरलेला असतो, तो राहतो; जिथे ते आडवे झोपलेले असतात तिथला निघून जातो. त्यावर मधाळ पिवळा, १०० मिलीला १ ग्रॅम. पट्टे उठून येतात.

येऊरचं बेलतेल
ही रीत गिटारच्या सपाट पाटीची आहे, वाडग्याची नव्हे. फळीतून आडवा कातलेला वाडगा घ्या: एका फेऱ्यात दोन ठिकाणी रेषे बाजूला दिसतात आणि समोरासमोरच्या दोन ठिकाणी एंड ग्रेन, म्हणजे रेष्यांची कापलेली टोकं. एंड ग्रेन काळा डाय दोन-दोन मिलिमीटर पितो. तो ३२० ने निघत नाही, निघेपर्यंत घासलंत तर काठ गोल राहत नाही. शेवटी वाडग्यावर दोन काळे डाग आणि मधे थोडी नक्षी.

दुसरा मुद्दा मोठा आहे. लहरदार लाकडाची मजा हलणाऱ्या उजेडात असते. वाडगा हातात फिरवला की उजळ पट्टा गडद होतो आणि गडद पट्टा उजळतो, कारण रेष्यांचा कोन बदलला की परावर्तन बदलतं. तुम्ही एका पट्ट्यात काळा रंग भरलात की तो कुठूनही बघा, काळाच. याला नक्षी खुलणं म्हणायचं? ही तर तिची छपाई झाली.

उपाय रंगाच्या आधीच आहे. धार लावलेल्या गाऊजने (कातायच्या पन्हळी छिन्नीने) शेवटचा पातळ हात, मग तिरपा धरलेला स्क्रेपर, म्हणजे रेषे उपटले जात नाहीत. वर डबल बॉइल्ड बेलतेलाचे (उकळलेल्या जवसाच्या तेलाचे) तीन पातळ हात, प्रत्येक हातानंतर पंधरा मिनिटांनी जादा तेल पुसून, मधे एक-एक दिवस सोडून. (तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, आपोआप पेटतात. पाण्यात बुडवा किंवा दोरीवर मोकळी पसरा.)

कळव्याचा कातारी
एंड ग्रेनचं खरं आहे, पण त्याला तोड आहे. डायच्या आधी फक्त त्या दोन भागांवर मेण काढलेल्या चपडा लाखेचा अगदी पातळ हात: १ लिटर स्पिरिटला ६० ग्रॅम. कडेला फडक्याने विरवून घ्या, नाहीतर हाताची सीमारेषा दिसते. डाय पाण्यातलाच हवा. स्पिरिटमधला असेल तर लाख सुटते आणि सगळी मेहनत वाया जाते.

उजेडाच्या मुद्द्यावर अर्धं मान्य. पूर्ण काळा वापरला की झळाळी मरते. म्हणून पहिला हात तपकिरी, तोही १०० मिलीला १ ग्रॅम इतका पातळ ठेवला तर पट्टे हलतात.

तुर्भे नाका
दोघेही फिनिशचं, म्हणजे रंगावरच्या लेपाचं, बोलत नाही आहात, खरा गोंधळ तिथे होतो. स्पिरिटमधल्या डायवर लाख किंवा एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर ब्रशने लावलं की रंग ओघळून फडक्यावर येतो, कारण लाखेतलं स्पिरिट आणि थिनरमधले घटक तोच रंग विरघळवतात. पाण्यातल्या डायवर हा त्रास नाही. निळ्या डायवर बेलतेल लावू नका, ते पिवळं पडतं आणि निळ्याचा शेवाळी होतो. आंबा मुळातच पिवळसर, म्हणून निळा कधीच डबीवरच्यासारखा येत नाही. फणसावर तर सरळ हिरवाच होतो.

आणि टिकाऊपणा! बाजारात सुटा मिळणारा मॅजेंटा किंवा मॅलाकाइट हिरवा दिसायला झकास, पण 'बेसिक' नावाच्या गटातले हे डाय उजेडात भराभर उडतात. मेटल कॉम्प्लेक्स डाय (रेणूत धातू बांधलेले) घ्या. तरी खात्री करायची असेल तर रंगवलेल्या तुकड्याचा अर्धा भाग अ‍ॅल्युमिनियम फॉइलने झाका आणि वाशीच्या दक्षिणेकडच्या खिडकीत महिनाभर ठेवा.

येऊरचं बेलतेल
हेच तर म्हणणं! पाच वर्षांनी मधाळ रंग उडतो, खालचे काळे पट्टे राहतात, मग वाडगा झेब्र्यासारखा. बेलतेल लावलेलं लाकूड काळपटतं, पण एकसारखं. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी आठवा. तिथे रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडाला लावतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसते, मग केवड्याच्या पानाने घोटतात. लाकूड काळ्या कुड्याचं, नक्षीविना. म्हणजे साध्या लाकडाला रंग, आणि ज्याला स्वतःची नक्षी आहे त्याला मोकळं सोडायचं.

कळव्याचा कातारी
तिथे काळा कुडा घेतात कारण नाव काळा असलं तरी त्याचं लाकूड पांढरं, बारीक पोताचं आणि कातायला मऊ असतं. त्यावरून लहरदार आंब्याला मनाई कशी निघते?

ऐरोली सेक्टर
काळाच हवा असेल तर डाय कशाला? २० ग्रॅम हिरडापूड २०० मिली गरम पाण्यात, गाळून एक हात. वाळल्यावर लोखंडाचं पाणी: ५०० मिली पांढऱ्या व्हिनेगरमध्ये स्टील वूलची एक गुंडी, चार दिवस, झाकण सैल (हायड्रोजन सुटतो), गाळून. हिरड्यातलं टॅनिन (तुरट द्रव्य) आणि लोह मिळून काळा बनतो, तो उजेडात डायपेक्षा कितीतरी टिकतो. बाभळीत टॅनिन मुळातच भरपूर, तिथे हिरडाही लागत नाही.

तुर्भे नाका
बाभळीला ठीक. पण हिरडा सगळीकडे सारखा बसतो, त्यामुळे लहरीचे पट्टे वेगळे न होता अख्खा वाडगा कोळसा होतो. प्रश्न नक्षीचा होता.

येऊरचं बेलतेल
शिवाय खायचा वाडगा असेल तर हे सगळं बाद. काठवटीला कोणी डाय देत नाही.

कळव्याचा कातारी
खाण्याच्या वाडग्याला डाय नको, यावर वाद नाही. शोभेच्या वाडग्याच्या बुडावर तसं लिहूनच द्यावं.

ऐरोली सेक्टर
जुलैत एनसी लॅकर मारलं की पांढरी धुकट येते. डायमुळे का?

तुर्भे नाका
डायचा संबंध नाही. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं. थिनरमध्ये रिटार्डर (उडणं मंदावणारं द्रव्य) घाला, नाहीतर पाऊस उघडल्यावर दुपारी मारा. काळ्या पट्ट्यांवर ती जास्त दिसते इतकंच. आणि लॅकरच्या आधी लाकूड तपासा: हवेत ८५ टक्के दमटपणा असताना लाकडातला ओलावा १७-१८ टक्क्यांखाली उतरत नाही. असा वाडगा ऑक्टोबरमध्ये आकसतो, आणि मग काठाजवळचं लॅकर तडकतं.