नुसती एकूण लांबी सांगून उपयोग नाही

वर ज्यांना ४६ सेंमीचा स्लो वर्म (सापासारखा दिसणारा बिनपायाचा सरडा) सापडला आणि तो मोठा म्हणायचा का असं ज्यांनी विचारलं, त्यांना "५० च्या खाली आहे, म्हणजे विशेष मोठा नाही" असं उत्तर आलंय, ते मला अजिबात पटलं नाही. या बिनपायाच्या सरड्याची शेपटी धड असेल तर निम्मी किंवा त्याहून जास्त लांबी तिचीच असते, आणि ती तुटते, मांजराने धरलं तरी तुटते, आपण चुकीचं उचललं तरी तुटते, परत येते ती आखूड आणि बोथट. म्हणून तोंडापासून पोटाखालच्या आडव्या फटीपर्यंत एक माप, तिथून पुढे शेपटीचं दुसरं, आणि शेपटी मूळची आहे की नंतर आलेली तेही लिहायचं.

मी इंग्लंडमध्ये आमच्या भाजीच्या वाफ्यांजवळ जुने पत्रे टाकून ठेवलेत, सकाळी ऊन लागलं की हे त्याखाली येऊन बसतात. तिथली सगळ्यात दांडगी मादी एकूण ३४ सेंमीच भरली, पण त्यात धडच २१ होतं, शेपटी तुटलेली! मूळची असती तर सहज चाळिशी ओलांडली असती. आणि प्लीज ताणून सरळ करू नका, ट्रेमध्ये पट्टी ठेवून वरून फोटो काढा आणि मग फोटोवर वळणावळणाने दोरा लावून मोजा. जुलै-ऑगस्टमध्ये जाडजूड मादी दिसली तर मोजूच नका, ती पोटुशी असू शकते, हे अंडी न घालता थेट पिल्लंच देतात.